वहीतला चौथा ट्रॅक्टर

मेहुण्याने त्याचं नाव नापासराव ठेवलं होतं. ते सासरच्या गोतावळ्यात इतकं रुळलं की खुद्द बायकोच्या तोंडूनही कधीमधी निसटायचं. नाव काही खोटं नव्हतं. चौतीस वर्षं त्याने सरकारी खात्यात लिफ्ट तपासायचं काम केलं. इमारतीत जायचं, जिन्याने वरच्या मजल्यावर चढायचं, मोटारीच्या खोलीत शिरायचं, पोलादी दोराच्या तारा बोटांनी चाचपायच्या, ब्रेक, दारं, कड्या सगळं बघायचं आणि जरा जरी शंका आली तर लिफ्टला टाळं लावून कागदावर शिक्का मारायचा. मालक गयावया करत, काही जण दम देत, काही जण वरच्या साहेबाची ओळख काढत. हा ढिम्म. "शंका म्हणजे नापास," याच्यापुढे त्याचं बोलणं जात नसे. त्याने पास केलेली एकही लिफ्ट चौतीस वर्षांत पडली नाही, हे मात्र त्याला शिव्या देणारेही कबूल करत.

पंचाईत अशी की तो शिक्का संध्याकाळी कचेरीत ठेवून येत नसे. कलिंगड आणायला गेला की दहा-बारा कलिंगडं वाजवून बघायचा आणि रिकाम्या पिशवीने परत यायचा. सोफा घ्यायचं तीन वर्षं चाललं, शेवटी घेतला नाहीच, खुर्च्यांवर भागलं. मेहुणा म्हणायचा, "भाऊजींनी आमच्या ताईला पास कसं केलं कोण जाणे." त्यावर बायको म्हणायची, "त्यांनी कुठलं? मी त्यांना पास केलं. तेसुद्धा ग्रेस देऊन." सगळे हसत. तोही हसे. त्या घरात हे सगळं चालून जात होतं.

घर शहर संपतं तिथे, दोन एकरांच्या तुकड्यावर होतं. जागा बायकोच्या हट्टाने घेतलेली. ती शाळेत शिवण शिकवायची. नोकरी सोडताना मिळालेलं सगळं तिने या जमिनीत घातलं. खाली घर, फाटकाजवळ कंपोस्ट खताचा खड्डा, घरामागे चांगला चढ, आणि वर तिने लावलेली साठ झाडं: अंजीर, लिंबू, डाळिंब. झाडं वर आणि खत खाली, अशी ती रचना. रस्त्याचा मुरूम पावसात वाहून खाली येई, तो परत वर न्यावा लागे. कापलेलं गवत वरून खाली, खत खालून वर, छाटलेल्या फांद्या पुन्हा खाली. हे सगळं एका चाकाच्या हातगाडीवर. तिला घरात एकचाकी म्हणत. थंडी सरली की बायको खत वर न्यायला घ्यायची. अडतीस खेपा, आठ दिवस. खेपा ती मोजायची. मोजलं की संपतं, असं तिचं म्हणणं होतं.

"एक छोटा ट्रॅक्टर घेऊ या का?" तिने पहिल्याच वर्षी विचारलं होतं. "जुना चालेल. लुटूलुटू चालणारा असला तरी चालेल."

तो एका शब्दाने नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं. तिने दुसरी काहीतरी वाट काढली असती. पण तो हो म्हणाला. म्हणाला आणि दुकानात जाऊन एक जाड वही घेऊन आला.

वहीत पहिल्या पानावर बेचाळीस मुद्दे होते. इंजीन गार असताना सुरू होतं का? धूर पांढरा, निळा की काळा? स्टिअरिंगमध्ये किती ढिलाई आहे? हायड्रॉलिकने वजन वर उचलून पंधरा मिनिटं तसंच ठेवलं तर किती खाली येतं? रविवारी सकाळी तो टॉर्च, पांढरा रुमाल आणि वही घेऊन निघे. विकणाऱ्याच्या अंगणात ट्रॅक्टरखाली उताणा झोपे. वजन उचलून समोर स्टूल टाकून घड्याळ लावून बसे. विकणारे आधी चहा देत, मग घड्याळाकडे बघत, मग घरात निघून जात. पहिल्या ट्रॅक्टरचं वजन पंधरा मिनिटांत दोन बोटं खाली आलं. नापास. दुसऱ्याच्या मीटरची काच नवीन होती, म्हणजे तास मागे फिरवले असणार. नापास. तिसऱ्याला ताजा रंग दिलेला. रंग कशाला देतो माणूस? काहीतरी झाकायलाच. बारा वर्षांत असे चौदा ट्रॅक्टर झाले. एकदा तर मालक फारच गोड बोलत होता म्हणून त्याने ट्रॅक्टर नापास केला.

तो ट्रॅक्टर बघायला गेला की बायको एकचाकी घेऊन वर जाई. दोघांचाही रविवार असा कामात जायचा. एकदा तिने भाड्याचा ट्रॅक्टर बोलावू म्हणून सुचवलं. "आता आपलाच येतोय," तो म्हणाला, "दोन-चार आठवड्यांसाठी कशाला?" हे तो मनापासून म्हणाला होता. हे दोन-चार आठवडे बारा वर्षं चालले.

मग तिच्या हातून कप पडायला लागले. आधी एक, मग आठवड्याला एक. सुई ओवता येईना. डॉक्टरकडे गेले तेव्हा उजव्या हाताची चार बोटं पार बधिर झाली होती. डॉक्टरने टाचणी टोचली, तिला कळलं नाही. खिडकीबाहेर बघत होती ती. डॉक्टर म्हणाला, मानेतली नस दबली आहे, वर्षानुवर्षं ओझं ओढल्याने झालंय, पुढे वाढू नये म्हणून औषध देतो, पण गेलेलं परत यायचं नाही. यापुढे काही ढकलायचं नाही, उचलायचं नाही. "आधी का नाही आलात?" असं त्याने विचारलं, सगळे डॉक्टर विचारतात तसंच. बायकोने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसती म्हणाली, "काम होतं."

त्या दिवसापासून त्याला काही वाटेनासं झालं. वाईट वाटेल, रडू येईल, निदान झोप उडेल अशी त्याने वाट पाहिली. काहीच झालं नाही. तो वेळेवर उठे, वेळेवर जेवे, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचे आणि मिटल्यावर त्यातलं एक अक्षर आठवत नसे. एकदा बायको तव्याजवळ उभी होती आणि जळका वास आला. तिचं बोट तव्याच्या कडेला टेकलं होतं. त्याने तिचा हात ओढून नळाखाली धरला. फोड आला. "बघा, कळलंसुद्धा नाही," ती म्हणाली, दुसऱ्या कुणाच्या बोटाबद्दल बोलावं तसं. त्यालाही काही झालं नाही. त्याने मलम लावलं आणि ट्यूबचं झाकण घट्ट लावून ती जागेवर ठेवली.

वसंत आला. खत खड्ड्यात तसंच पडून राहिलं. वर गवत गुडघ्याएवढं झालं. मग मेहुणा आला. त्याने जमिनीला गिऱ्हाईक शोधलं होतं, कोंबड्या पाळायच्या विचारात असलेला एक माणूस. "ताई, इथं आता कोण राबणार?" तो म्हणाला. "माझ्या इमारतीत खालच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होतायत. तो माणूस येत्या रविवारी बघायला येतो म्हणतोय. येऊ दे का?"

"येऊ दे," बायको म्हणाली. मेहुणा गेल्यावर त्याने विचारलं, "तुला खरंच विकायचंय?"

"बघू," ती म्हणाली.

हा शब्द त्याचा होता, दर वेळी ट्रॅक्टर नापास करून परत आल्यावरचा. तिच्या तोंडून तो त्याने पहिल्यांदा ऐकला. साठ झाडं, बारा वर्षं आणि तिचा सगळा पैसा त्या चढावर होता, आणि ती बघू म्हणत होती. जागा गेली तर ती आपल्यामुळे जाणार, एवढं त्याला स्वच्छ कळत होतं. रविवारच्या आत दारात ट्रॅक्टर उभा राहिला तर ती राहील, असं त्याने ठरवून टाकलं. तेव्हा बुधवार होता.

गुरुवारी तो हार्डवेअरच्या दुकानात गेला. तिथल्या भिंतीवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती: छोटा ट्रॅक्टर, लोडर आणि ट्रॉलीसकट, विकणे आहे. चालू. खाली फोन नंबर. "चालू" एवढंच वर्णन. एरवी अशा जाहिरातीला त्याने तिथेच नापास केलं असतं.

ट्रॅक्टर एका रोपवाटिकेत होता. हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांतली रोपं ओळीने मांडलेली, पायाखाली चिखल, कुठेतरी नळी गळत होती. रोपवाल्या बाई साठीच्या, कोपरापर्यंत माती, पायात गमबूट. "तुम्हीच ना फोनवाले?" त्या म्हणाल्या. "आधीच सांगते, मी गाडी मुद्दाम सुरू करून ठेवलेली नाही. हात लावून बघा."

त्याने बॉनेटवर तळवा ठेवला. गार होतं. सवयीने त्याने वही काढली, पंधरा आकडा घातला, वाकून चॅसीवरचा नंबर पुसला आणि लिहायला लागला. शेवटचे चार आकडे न बघताच लिहिले गेले. तो थांबला. मग वहीची पानं मागे उलटली. नंबर चार. तोच क्रमांक, त्याच्याच अक्षरात. डाव्या मडगार्डला पोचा. मागच्या उजव्या चाकाच्या आत, सीलमधून ऑइल. थेंब. नापास. तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

मडगार्ड पाहिलं. पोचा होता. त्याने चाकाच्या आत वाकून पाहिलं. अॅक्सलखाली तारेने दुधाच्या पावडरचा डबा टांगलेला होता, पाव भरलेला.

"ते बघून घाबरू नका," बाई मागून म्हणाल्या. "ते पहिल्यापासून गळतं. सोमवारी डबा रिकामा करायचा आणि वरून तेवढं ऑइल घालायचं की झालं. खालचं फाटकाच्या बिजागऱ्यांना घालते मी. माझं फाटक बघा, आवाज येतो का?"

"सील बदललं नाहीत?"

"बदलायचं तर सगळं चाक उतरवायला पाहिजे, आठ दिवस गाडी बंद. इथं कोणाला वेळ? मी घेतला तेव्हा गॅरेजवाल्यानेच सांगितलं होतं. म्हणाला, बाई, एक शहाणा येऊन चार तास तपासून गेला. सगळं बरोबर निघालं आणि शेवटी ऑइलच्या एका थेंबासाठी सोडून गेला. म्हणून तुम्हाला मिळतोय." बाई हसल्या. "भलं होवो त्याचं. कुठे असेल तिथे सुखी असो."

त्याचे कान गरम व्हायला हवे होते, पण झाले नाहीत.

गॅरेजचं ते अंगण त्याला आठवलं. चौदांपैकी तेवढ्या एकाच वेळी बायको बरोबर आली होती. तो खाली झोपला असताना ती वर सीटवर जाऊन बसली होती, शाळकरी पोरीसारखी. हायड्रॉलिकच्या दांडीवर तिचा उजवा हात होता. "हाच घेऊ या," ती म्हणाली होती. तो खालून म्हणाला होता, "उतर आधी. गळतोय." त्यानंतर ती कधी आली नाही.

"याच्यावर काय काय केलंत नऊ वर्षांत?" त्याने विचारलं. हा मुद्दा बेचाळीसमध्ये नव्हता.

"काय नाही केलं ते विचारा," बाई म्हणाल्या. "ही सगळी जागा याने सपाट केली. आधी इथं नुसते दगड होते. माती, खत, कुंड्या सगळं याच्यावरच. रस्ता वाहून गेला त्या साली आईला ट्रॉलीत घालून दवाखान्यात नेलं. आता व्याप वाढला म्हणून मोठा घेतलाय, नाहीतर मी याला विकला नसता."

त्याने वही मिटली. "घेतो," तो म्हणाला.

"चालवून नाही बघणार?"

"बघितलाय."

बाईंनी त्याच्याकडे जरा संशयाने पाहिलं. जुना ट्रॅक्टर इतक्या सरळ विकला गेला की विकणाऱ्यालाच धाकधूक होते. मग त्यांच्या लक्षात आलं की या गृहस्थाला ट्रॅक्टर चालवताच येत नाही. चौदा ट्रॅक्टर सुरू करून पाहिलेला माणूस त्यातला एकही अंगणाबाहेर घेऊन गेला नव्हता. बाईंनी त्याला तासभर रोपवाटिकेच्या मागे गोल गोल फिरवलं. लोडरचं पुढचं बकेट कसं भरायचं ते दाखवलं. "उतारावर क्लच दाबायचा नाही," त्यांनी तीनदा बजावलं. "खालच्या गिअरमध्ये टाकायचा आणि सोडून द्यायचा. तो आपला आपण उतरतो. आणि सारखं मागे वळून बघत बसू नका, ट्रॉली कुठे जात नाही."

आठ किलोमीटरला त्याला सव्वा तास लागला. मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या, पुढे जाताना माणसं खिडकीतून बघत होती. दुपारचं ऊन होतं. आपण काहीतरी मोठं केलंय असं त्याला वाटायला हवं होतं. त्याने मनात चाचपून पाहिलं. तिथे काही नव्हतं.

बायको पायरीवर बसून डाव्या हाताने कपड्यांच्या घड्या घालत होती. ट्रॅक्टर फाटकातून आत आला तेव्हा ती उठली नाही. त्याने इंजीन बंद केलं. ती डाव्या मडगार्डकडे बघत होती.

"हाच ना तो?"

"हो."

"अजून गळतो?"

"गळतो. डबा लावलाय."

"बरं," ती म्हणाली. मग आली, दोन्ही बाजूंनी फिरून पाहिलं, डबा पाहिला, आणि सीटशेजारच्या हायड्रॉलिकच्या दांडीवर उजवा हात ठेवला. ठेवताना हाताकडे बघावं लागलं, नाहीतर तो नेमका कुठे टेकला ते तिला कळत नसे. "तेव्हा ही दांडी गार होती," ती म्हणाली. "अंगणात ऊन होतं तरी गार. माझ्या चांगलं लक्षात आहे. आता कशी आहे हो?"

त्याने हात लावला. "गरम आहे."

"असं होय," म्हणून तिने हात काढून घेतला.

"रविवारी त्याला येऊ नको म्हणून सांगू का?" त्याने विचारलं.

"बघू."

शुक्रवारी सकाळी पावणेनऊला त्याने खत काढायला सुरुवात केली. पहिल्या दोन वेळा बकेट रिकामंच वर आलं, तिसऱ्यांदा खड्ड्याच्या काठाचा दगड घेऊन आलं. मग हात बसला. बायको वर झाडांपाशी जाऊन उभी राहिली होती, कुठे ओतायचं ते सांगायला. ट्रॉली भरून तो चढाला लागला. चढावर जिथे जिथे तिने पाय रोवायला दगड बसवले होते तिथून ट्रॅक्टर नुसता गुरगुरत निघून गेला. असे दगड आहेत हेच त्याला माहीत नव्हतं. सात दगड होते. पाचव्याशेजारी बसण्यापुरती एक सपाट जागा होती आणि तिथलं गवत पार गेलेलं होतं. ती तिथे थांबून दम खात असणार.

"अंजिरांपाशी थोडं, बाकी लिंबांना," वरून ती म्हणाली. त्याने ओतलं. खाली आला, पुन्हा भरली, पुन्हा वर गेला. ती बोटाने दाखवे, तो ओते. चौथी खेप ओतून तो म्हणाला, "झालं."

"झालं म्हणजे?"

"खड्डा रिकामा झाला."

तिने खाली पाहिलं. मग घड्याळ पाहिलं. दहा वाजले होते. "चार," ती म्हणाली. ती अजूनही मोजत होती. कडेच्या दगडावर बसली आणि खताच्या ढिगांकडे बराच वेळ बघत राहिली.

"एवढंच होतं होय?" ती म्हणाली.

तो सीटवरच बसून होता. इंजीन चालू होतं, म्हणून त्याने बंद केलं. बंद केल्यावर काहीतरी बोलणं भाग होतं. "आता तुला काही करायला नको," तो म्हणाला. "सगळं मी करीन. गवत, मुरूम, सगळं. तू नुसतं सांगायचं. कशाला जायचं इथून?"

"रविवारी येऊ दे त्यांना," ती म्हणाली.

"अगं, पण आता सोपं झालंय."

"तेच तर. दर वर्षी हे सव्वा तासात होताना मला बघवणार नाही." तिने ते अगदी शांतपणे सांगितलं. "एकचाकी होती तोवर मला वाटायचं, काम अवघड आहे, आपण ते करतो. हात गेला तेव्हाही तसंच वाटलं. चला, कामात गेला. आता म्हणे चार खेपा. मी चिडलेली नाही हं तुमच्यावर. यायला पाहिजे राग. मी कालपासून वाट बघतेय, येतच नाहीये."

"मलाही काही वाटत नाही," तो म्हणाला. बऱ्याच महिन्यांत त्याने तिला सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट असेल.

"माहीत आहे," ती म्हणाली आणि उठली. "गिअरमध्ये टाकून उतरा. क्लच दाबू नका, नाहीतर गडगडत खाली जाल." हे तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. बारा वर्षांत तिने वाचलं असेल कुठेतरी. ती पायवाटेने खाली निघाली, एकेका दगडावर पाय ठेवत, सवयीने दोन्ही हात किंचित पुढे धरून. तो तिच्या मागून खालच्या गिअरमध्ये उतरला.

रविवारी अकराला मेहुणा त्या कोंबडीवाल्याला घेऊन आला. ट्रॅक्टर बघून मेहुण्याने हात जोडले. "नापासरावांनी पास केला! आता सूर्य पश्चिमेला उगवणार." कोणी हसलं नाही, म्हणून तोही गप्प झाला. कोंबडीवाला भला माणूस होता. वर जाऊन झाडं बघून आला, विहीर बघितली, छपराची मापं घेतली, आणि अंगणात येऊन ट्रॅक्टरभोवती घुटमळायला लागला.

"हा जागेबरोबरच आहे का?" त्याने विचारलं.

"हो," बायको आतून म्हणाली. "देऊनच टाकायचाय."

"साहेब, तुम्ही म्हणे तपासण्यातले दर्दी," कोंबडीवाला त्याच्याकडे वळला. "मला यातलं कळत नाही. काही दोष असेल तर आत्ताच सांगा, मी नाही म्हणणार नाही."

वही त्याच्या खिशात होती. त्याने ती काढली नाही. "मागचं सील गळतं," तो म्हणाला. "थेंब थेंब. खाली डबा लावलेला आहे. सोमवारी रिकामा करायचा आणि तेवढंच ऑइल वरून घालायचं."

"म्हणजे मोठं काही नाही?"

"नाही," तो म्हणाला. "मोठं काही नाही. नऊ वर्षं चालतोय तसाच."

बोलून झाल्यावर त्याला दिसलं की बायको दारात उभी आहे. चहाचा ट्रे तिच्या हातात होता आणि ती सगळं ऐकून पुढे यायची थांबली होती. त्याने नऊ वर्षांपूर्वी ट्रॅक्टरखाली झोपून जे म्हणायला हवं होतं ते आत्ता, परक्या माणसाला, सहज सांगून टाकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. ती नुसती उभी राहिली, आणि चहा किटलीच्या तोटीतून ट्रेमध्ये सांडत होता, कारण ट्रे उजवीकडे कलला होता.

तो पुढे गेला आणि त्याने ट्रे घेतला. स्टीलचा ट्रे होता, खालून चटका बसण्याइतका तापलेला. त्याने तो कसाबसा पायरीवर ठेवला आणि तिचा उजवा हात उलटा करून पाहिला. तळवा लालबुंद झाला होता, बोटांच्या मुळांपासून मनगटापर्यंत. इतक्या महिन्यांनी त्याला काहीतरी वाटलं आणि ते इतकं होतं की त्याला तिचा हात सोडता येईना.

"भाजलंय तुला," तो म्हणाला.

तिने हाताकडे पाहिलं. "हो का," ती म्हणाली आणि पाहुण्यांना साखर किती ते विचारायला वळली.